प्रयोगाची पावती रुग्णाच्या नावाने का?

गेल्या काही महिन्यांत नाशिकमध्ये स्टेम सेलवरून, म्हणजे दुसऱ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूलपेशींच्या उपचारावरून, चांगलीच जुंपली आहे. गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या सभागृहांत सांधेदुखीवर मोफत व्याख्यानं होतात, पडद्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे एक्स-रे झळकतात, चहा-बिस्किटांबरोबर नावनोंदणीचे कागद फिरतात. त्याच रात्री सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन फळ्या पडतात. एक म्हणते, औषध कंपन्यांना हे परवडणारं नाही म्हणून डॉक्टर गप्प आहेत. दुसरी म्हणते, सगळं थोतांड आहे, लुटायचे धंदे आहेत. दोन्हीकडचे लोक शिकलेले, दोन्हीकडे आवाज मोठा, आणि दोन्हीकडे एकाच प्रश्नावर खल: याने गुण येतो की नाही? माझ्या मते वाद इथेच भरकटतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात त्यात, खचलेलं हाड स्टेम सेलने भरून येतं हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. कधीच येणार नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. याचा सरळ अर्थ असा की आज तो प्रयोग आहे. प्रयोगाला माझा विरोध नाही. प्रयोगाचं बिल रुग्णाच्या नावाने फाडायला माझा विरोध आहे.

मी डॉक्टर नाही. माझं औषधांचं दुकान आहे, आणि काउंटरवरून या आजाराची एक बाजू फार जवळून दिसते. आमवाताच्या रुग्णांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या, द्राक्षांच्या विरळणीला जाणाऱ्या, कांदा निवडणाऱ्या बायका असतात. त्या नोटा चिमटीत धरून मोजत नाहीत. काउंटरवर पसरतात आणि तळहाताच्या कडेने एकेक पुढे सरकवतात. सिरपची बाटली घेतली की “दादा, झाकण तेवढं सैल करून द्या” म्हणतात. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लागत नाही, ब्लाउजचा हूक मुलीला लावायला सांगावा लागतो. यांच्यापैकी एकीने एकदा पिशवीतून हाताचा एक्स-रे काढून माझ्यासमोर ट्यूबलाइटकडे धरला. बोटं तळहाताला जिथे मिळतात त्या सांध्यांपाशी हाडाची कड सलग नव्हती, बारीक खाचा पडलेल्या होत्या, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचं हाड बाकीच्यापेक्षा कमी पांढरं, विरळ दिसत होतं. तिने विचारलं, “एवढं भरून येईल का हो?” स्टेम सेलचा सगळा बाजार या एका प्रश्नावर उभा आहे, आणि प्रश्न खोटा नाही.

आता ती खाच पडते कशी, हे बघायला हवं, कारण सभागृहातल्या भाषणांत नेमकं तेवढंच गाळलेलं असतं. गुडघ्याची वयोमानाने होणारी झीज वेगळी आणि आमवात वेगळा. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्याच्या अस्तरावर तुटून पडते. ते अस्तर सुजतं, जाड होतं, हाडाच्या कडेवर पसरतं. तिथे तयार होणारी रसायनं हाड विरघळवणाऱ्या पेशींना, ऑस्टिओक्लास्टना, चेव आणतात. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. निरोगी माणसात हा हिशोब जुळतो. आमवातात मोडणाऱ्या पेशी जोरात असतात आणि त्याच सुजेमुळे बांधणाऱ्या पेशी दबलेल्या असतात. म्हणजे हाड भरून काढायला लागणारी माणसं शरीरात नाहीत असं नाही, ती कामावर येऊ शकत नाहीत. उपचार न मिळाल्यास पहिल्या दोन वर्षांतच बहुतेकांच्या एक्स-रेवर खाचा दिसू लागतात. एमआरआयवर त्याहून लवकर. डाऊनी रोग पसरलेल्या द्राक्षबागेत कुणी मेलेल्या वेलींच्या जागी नवी कलमं लावत बसत नाही. आधी फवारणी होते, बाग आटोक्यात येते, मग सांधायचं काय ते बघतात. आमवातातलं हाड हे असंच आहे. सूज धगधगत असताना वरून कितीही पेशी ओतल्या, तरी त्या त्याच सुजेत जाऊन पडणार. हाडाचं नुकसान मूळ आजारापासून सुटं करून, त्याला वेगळा भाव लावून विकता येत नाही, आणि विकणारे नेमकं तेच करत आहेत.

स्टेम सेलवाले यावर म्हणतील, आमच्या पेशी सूजही कमी करतात. हे अगदीच हवेतलं नाही. अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या या मेझेन्कायमल पेशी प्रतिकारशक्तीला शांत करणारे संकेत सोडतात, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलंय. प्राण्यांवरचे निकालही आशादायक आहेत. पण माणसांत? युरोपात चरबीतल्या दात्याच्या पेशी शिरेतून देऊन आमवातावर एक नीट आखलेली चाचणी झाली. अनेक औषधं घेऊनही गुण न आलेले ५३ रुग्ण होते, काहींना पेशी दिल्या, काहींना नुसतं सलाईन. २०१७ साली निकाल छापला गेला: सुरक्षिततेच्या दृष्टीने ठीक, फायद्याची थोडी चिन्हं, आणि पुढे मोठ्या चाचण्या हव्यात. खाचा भरल्या का, हा त्या चाचणीचा विषयच नव्हता. शिवाय शिरेतून सोडलेल्या पेशी थेट बोटांच्या सांध्यांत जातात असं कुणाला वाटत असेल, तर तसं होत नाही. त्यातल्या बहुतेक आधी फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. जो काही परिणाम होतो तो त्यांनी मागे सोडलेल्या संकेतांचा. ‘नवी पेशी जाऊन बसते आणि हाड उगवतं’ हे पडद्यावरचं ॲनिमेशन दिसायला सुंदर आहे, पण आमवाताच्या रुग्णाच्या हाताचं ते चित्र नव्हे.

याआधी आणखी मोठं धाडसही करून झालंय. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अतिशय तीव्र आमवात असलेल्या काही रुग्णांची रोगप्रतिकारशक्ती केमोथेरपीने जवळजवळ पुसून टाकून, त्यांच्याच रक्तातल्या मूलपेशी परत दिल्या गेल्या. सुरुवातीला अनेकांना झपाट्याने उतार पडला. मग काही महिन्यांत आजार परतला आणि पुन्हा औषधं सुरू करावी लागली. हा मार्ग मागे पडला. पण तो का मागे पडला हे आज सांगता येतं, कारण रुग्णांच्या नोंदी होत्या.

समोरच्या बाजूचं एक बळकट म्हणणं मी मान्य करतो. भारतात स्टेम सेल म्हणजे सरसकट बेकायदा, असं जे दुसरी फळी ठोकून देते ते चूक आहे. बंगळुरूच्या एका कंपनीच्या, दात्याच्या अस्थिमज्जेपासून वाढवलेल्या पेशींना भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२२ साली गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी दिली. त्याआधी, २०१७ साली, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरतं त्या आजारासाठी रुग्णाच्याच हाडबांधणीच्या पेशी वाढवून परत घालण्याच्या उत्पादनालाही मंजुरी मिळाली. हा दुसरा आजार आमवाताच्या रुग्णांना परका नाही. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेल्यांचे खुबे असे जातात, आणि ती चिठ्ठी घेऊन येणारे तरुण चेहरे मी दुकानात पाहिले आहेत. तेव्हा ‘पेशींनी हाड कधीच बांधलं जाऊ शकत नाही’ असं छातीठोक म्हणणारा डॉक्टरही तितकाच हवेत बोलतो.

पण या मंजुऱ्यांचा आधार घेऊन आमवाताच्या बाईला काय सांगितलं जातं? “सरकारमान्य आहे.” मान्य कशाला आहे? विशिष्ट पेशींना, विशिष्ट आजाराला, ठरावीक मात्रेत. गुडघ्याच्या झिजेवरच्या चाचण्यांत आमवाताचे रुग्ण सहसा मुद्दाम बाहेर ठेवले जातात, कारण त्यांच्या सांध्यातली परिस्थितीच वेगळी असते. ती मंजुरी आमवाताला लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आणि मंजूर झालेल्या उत्पादनाच्या प्रत्येक बॅचमागे पेशींची संख्या, निर्जंतुकता, साठवणीचं तापमान यांची कागदपत्रं असतात. कंबरेच्या हाडातून मज्जा ओढून, मागच्या खोलीत मशीनमध्ये फिरवून, अर्ध्या तासात सांध्यात टोचलेल्या द्रवात नेमकं काय आणि किती होतं, हे टोचणाऱ्यालाही माहीत नसतं. दोन्हींना नाव एकच, म्हणून वस्तूही एकच, असं कसं चालेल? आम्ही दुकानदार तर बॅच नंबर छापलेला नसेल तर खोकल्याचं औषधही घेत नाही.

दुसरं म्हणणं याहून जड आहे. आजच्या औषधांनी सगळ्यांना बरं वाटतं असं नाही. मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या नेहमीच्या गोळीने कुणाला मळमळतं, कुणाच्या यकृताचे आकडे वाढतात. सुजेचे ठरावीक संकेत अडवणारी बायोलॉजिक इंजेक्शनं महाग, आणि आपल्यासारख्या क्षयरोगाच्या देशात ती देण्याआधी छातीचा फोटो, टीबीची चाचणी, हे सगळं आलंच. सगळं करूनही काहींची बोटं वाकडी होतातच. अशा माणसाने म्हटलं की पैसा माझा, शरीर माझं, तुम्ही कोण अडवणारे, तर काय उत्तर द्यायचं? मी हा प्रश्न टाळणार नाही. त्या माणसाच्या जागी मी असतो तर मीही हात-पाय मारले असते. माझा आक्षेप त्याच्या हतबलतेवर नाही, त्या हतबलतेला दिल्या जाणाऱ्या मालावर आहे. पैसे भरून प्रयोगात शिरलेल्या माणसाला प्रयोगाचे तोटे सगळे मिळतात, फायदा एकही नाही. त्याच्यावर स्वतंत्र समितीची नजर नसते. काही बिघडलं तर विमा नसतो. आणि त्याला गुण आला किंवा नाही आला, तरी त्याच्यानंतर येणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, कारण सहा महिन्यांनी त्याचा एमआरआय कुणी काढलेलाच नसतो. शंभर जणांनी लाखो रुपये भरले तरी एकशे एकावा तितकाच अंधारात. याला स्वातंत्र्य म्हणायचं का?

वर या सौद्यात एक छुपी किंमत असते ती वेळेची. “आता ती केमिकलं बंद करा, नैसर्गिक पेशी आपलं काम करतील” असा सल्ला घेऊन आलेले लोक मी ओळखतो, कारण त्यांची मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप महिन्याला जायची ती जायची थांबते. चार-सहा महिन्यांनी ते परत येतात, चिठ्ठीत स्टिरॉइडचा डोस वाढलेला असतो. मधल्या काळात जे हाड गेलं ते गेलं. कर्ज काढून गेलेला पैसा कदाचित फिटेल.

“पण आमच्या ओळखीतल्या बाईला खरंच फरक पडला” हे वाक्य प्रत्येक वादात येतं, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. मात्र आमवात हा चढ-उताराचा आजार आहे. माणूस नव्या उपायाकडे वळतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेवरून ते तसंही थोडं खाली येतं. त्याच बैठकीत सांध्यात स्टिरॉइड टोचलं गेलं असेल, तर श्रेय कुणाला द्यायचं? आणि सुईची, ऑपरेशनची स्वतःची अशी एक जादू असते. २००२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर एक विलक्षण चाचणी प्रसिद्ध झाली. काहींच्या गुडघ्यात दुर्बिणीने खरी साफसफाई केली, काहींना भूल देऊन कातडीवर फक्त चिरा दिल्या आणि टाके घातले. कुणाला काय झालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक सापडला नाही. तोवर लाखो लोकांनी तीच शस्त्रक्रिया करून घेऊन समाधानाने दुवा दिला होता. मग एका ओळखीच्या बाईच्या अनुभवावर घर गहाण टाकायचं?

आमवाताच्याच इतिहासात एक धडा आहे, आणि तो स्टेम सेलवाल्या व्याख्यानांसाठीच जणू घडला. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं. काही दिवसांत ती चालत बाहेर पडली. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या सभेत अशा रुग्णांची फिल्म दाखवली गेली: आधी धड उभं राहता न येणारे, नंतर पायऱ्या चढणारे. आजच्या व्हिडिओंची ती पणजी. १९५० साली नोबेल मिळालं. हेंच स्वतः जपून बोलत होते, जग मात्र थांबलं नाही. मग चेहरे सुजले, साखर वाढली, पोटात व्रण झाले, आणि ज्या हाडांसाठी हे सगळं चाललं होतं ती हाडंच ठिसूळ झाली. कॉर्टिसोन खोटं नव्हतं. त्याच्या कुळातली औषधं आजही माझ्या रॅकवर आहेत आणि योग्य हातात जीव वाचवतात. पण किती, किती दिवस आणि कुणाला, हे कळायला रुग्णांच्या एका पिढीने किंमत मोजली.

त्याच १९४८ साली ब्रिटनमध्ये वेगळ्या वाटेने झालेल्या एका कामाचा निकाल छापला गेला. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन नवं होतं, तुटपुंजं होतं, क्षयरोगी मरत होते. १०७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी केली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. क्रूर वाटतं? पण औषध सगळ्यांना पुरणारच नव्हतं, आणि त्या एका हिशोबाने ते चालतं हे जगाला पटलं. काही काळाने जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात हेही त्याच नोंदींतून समजलं. एकाच वर्षीची ही दोन उदाहरणं मी मुद्दाम शेजारी ठेवतोय. दोन्ही औषधं खरी होती. एकाचा अभ्यास आधी झाला, दुसऱ्याचा उत्सव आधी झाला.

यावर कुणी म्हणेल, हे गोऱ्यांचे चोचले, आमच्या माणसाला थांबायला वेळ नाही. त्यांनी मुंबईचा प्लेग आठवावा. १८९७ च्या जानेवारीत शहर रिकामं होत असताना जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात तुलना करून पाहिली: काही कैद्यांना लस, बाकीच्यांना नाही, जेवण-जागा सारखी. प्लेगमध्ये माणूस काही दिवसांत जायचा. तिथे तुलनेला वेळ काढता आला, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या आमवातात काढता येत नाही? याच लसीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावात एका दूषित बाटलीतून लस दिलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. नोंदी होत्या म्हणून बाटली सापडली, चौकशी झाली, आणि काही वर्षांनी का होईना हाफकिन दोषमुक्त ठरले. मागच्या खोलीत तयार केलेल्या पेशींतून, आधीच प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या बाईच्या सांध्यात उद्या जंतू गेले, तर कुठली बाटली शोधणार?

कायद्याचं म्हणाल तर तो मुका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी वापर मंजूर चाचणीतच व्हावा, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. २०१९ च्या नियमांनी स्टेम सेलपासून बनलेल्या उत्पादनाला ‘नवं औषध’ ठरवलं. आणि १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा कायदा तर अजूनच जुना. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरातच करता येत नाही त्या ५४ आजारांच्या यादीत संधिवात आहे. मग हे चालतं कसं? पेशी शरीराबाहेर फारशा बदलल्याच नाहीत, म्हणजे ते औषधच नव्हे, असा युक्तिवाद होतो. जाहिरातीला ‘आरोग्य जागृती’ म्हटलं जातं. एका गिऱ्हाइकाने मला दाखवलेल्या संमतीपत्रात तिसऱ्या पानावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘प्रायोगिक’ असा शब्द होता, आणि त्याच संचाला टाचलेल्या मराठी पावतीवर ‘उपचार शुल्क’. इंग्रजी पान न वाचता सही झाली होती.

आणखी एक सावधगिरी, कारण आता हुशार दुकानदारीही आली आहे. “आमची चाचणी नोंदणीकृत आहे” असं ऐकलं की लोक निश्चिंत होतात. फ्लोरिडात २०१५ साली तीन वृद्ध महिलांनी डोळ्यांच्या आजारासाठी स्वतःच्या चरबीतल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या. अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर त्या दवाखान्याच्या नावाने अभ्यासाची नोंद होती, पैसे मात्र रुग्णांनी भरले होते, प्रत्येकी पाच हजार डॉलर. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. पैसे मागितले की चाचणी नव्हे, एवढी एकच खूण सामान्य माणसाला पुरेशी आहे.

आता दुसऱ्या फळीला, म्हणजे थट्टा करणाऱ्यांना, चार शब्द. लोक तिकडे का जातात? पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोपडा यांच्या चमूने घरोघर पाहणी केली. त्यातून आणि इतर अभ्यासांतून आपल्याकडे आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का दिसतं. २०११ च्या जनगणनेतच ६१ लाख लोकसंख्येच्या नाशिक जिल्ह्यात हा हिशोब हजारोंमध्ये जातो. सुरगाण्या-पेठेच्या बाईला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट नावाचा, खास अशा सांध्यांच्या आजारांचा डॉक्टर असतो हेच ठाऊक नसतं. ती दोन-तीन वर्षं ‘वात आहे’ म्हणून तेल चोळते, वेदनाशामक गोळ्या खाते, अधूनमधून कुणाकडून तरी पुडी घेते ज्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. खरा डॉक्टर भेटतो तोवर खाचा पडून गेलेल्या असतात. आणि भेटल्यावर? दोन मिनिटांत चिठ्ठी. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, हे तिला नीट सांगणारं कुणी नसतं. आम्ही दुकानात स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरांत वार लिहून देतो, फॉलिक ॲसिडची पट्टी वेगळ्या रंगाच्या रबराने बांधतो. शेजारचा कुणी मोबाइलवर शोधून सांगतो, “अहो, ही तर कॅन्सरची गोळी!” झालं, दुसऱ्या महिन्यापासून बंद. स्टेम सेलवाला तिला समोर बसवून पाऊण तास बोलतो, हात हातात घेऊन बघतो. ती त्याच्याकडे गेली तर दोष फक्त तिच्या अडाणीपणाचा?

हे भावनिक बोलणं नाही, याला पुरावा आहे. ग्लासगोत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आमवाताच्या ११० रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीसारखी तपासणी. दुसऱ्याला दर महिन्याला बोलावून, सांधे मोजून, सूज पूर्ण जाईपर्यंत औषधं वाढवत नेणं. औषधं दोन्हीकडे जुनी, स्वस्त, आपल्याकडे सहज मिळणारी. दीड वर्षाने दर महिन्याच्या गटातल्या ६५ टक्के लोकांचा आजार जवळजवळ शांत होता, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांचा. एक्स-रेवरचं नुकसानही कमी वाढलं. जुन्याच औषधांनी आणि वेळेवर दिलेल्या तारखांनी हाड वाचलं. अशा निकालाचं सभागृहात व्याख्यान होत नाही, कारण त्यात विकायला काही नाही. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून एक दिवस फक्त आमवाताची ओपीडी, एक प्रशिक्षित नर्स आणि रुग्णाच्या हातात सुजलेले सांधे नोंदवायचं कार्ड, एवढं झालं तरी पुढच्या पाच वर्षांत या जिल्ह्यातली किती हाडं वाचतील याचा विचार थट्टा करणाऱ्यांनी करावा. स्टेम सेलच्या दुकानाला टाळं लावण्यापेक्षा ते अवघड आहे, हे मला कळतं.

आणि ज्यांना स्टेम सेलवर खरोखर विश्वास आहे, त्यांच्यासाठीही दार उघडं आहे. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथेच, म्हसरूळला आहे. राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. आमवात औषधांनी किमान वर्षभर आटोक्यात असलेले, पण एखाद्या सांध्यात हाड खचून अडून बसलेले रुग्ण घ्यावेत, म्हणजे पेशी सुजेत वाया गेल्या ही सबब उरणार नाही. मूळ औषधं कुणाचीही बंद करू नयेत. निम्म्यांच्या सांध्यात पेशी, निम्म्यांच्या सांध्यात नुसतं सलाईन. एमआरआय वाचणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते कळू नये, आणि दोन वर्षं पाठपुरावा व्हावा. ज्यांचे ‘आधी-नंतर’चे एक्स-रे पडद्यावर झळकतात, त्या डॉक्टरांनी या चाचणीत सहभागी व्हावं, पद्धतीवर इतकी खात्री असेल तर संकोचाचं कारण नाही. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत असावं, निकाल फसला तरी छापावा, आणि सुरगाण्याहून येणाऱ्या बाईला एसटीचं तिकीट आणि बुडालेला रोज विद्यापीठाने द्यावा.